काळ्या चित्रांचा सूझा

मंडळी, सागवानाच्या या गावात लंडनच्या चित्रकाराचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. पण फ्रान्सिस न्यूटन सूझा जन्मला गोव्यातल्या साळगावात, १२ एप्रिल १९२४ रोजी. आणि १९५८ साली गुगेनहाइम पुरस्कारासाठी ब्रिटनने आपले म्हणून जे पाच चित्रकार निवडले, त्यांत तो होता! मग तो कुणाचा, हा प्रश्न आम्हाला बरीच वर्षं छळतोय.

वडील तान्हेपणीच गेले. आईने मुंबईत शिवणकाम करून पोराला वाढवलं. त्याला देवी आल्या, तेव्हा तिने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला. नावातला 'फ्रान्सिस' तिथूनच आला. नवसाचा हा मुलगा पुढे शाळेतूनही काढला गेला आणि १९४५ मध्ये जे. जे. स्कूलमधूनही. १९४७ मध्ये त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. सोबत आरा, हुसेन, बाक्रे, रझा आणि गाडे. यातले गाडे आपल्या विदर्भातले. रझा नागपुरात चित्रकला शिकले, आणि त्यांचे वडील मध्य प्रांताच्या जंगल खात्यात होते. आपला चांदा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता, हे आलापल्लीत वेगळं सांगायला नको.

१९४९ मध्ये सूझा लंडनला गेला. पहिली काही वर्षं ओढाताणीची. घर चालायचं ते मुख्यतः पत्नी मारियाच्या कमाईवर, आणि हे सांगायचं लोक बहुधा विसरतात. १९५५ साली स्टीफन स्पेंडर यांच्या 'एन्काउंटर' मासिकात त्याचा आत्मकथनपर लेख आला, त्याच वर्षी गॅलरी वनमधलं प्रदर्शन गाजलं, आणि नाव झालं. त्याचा १९५९ चा काटेरी, काळाठिक्कर ख्रिस्त आज टेट संग्रहालयात आहे. त्यात करुणा शोधू नका. नवस फेडायला निघालेल्या मुलाचा राग मात्र दिसतो, निदान आम्हाला तरी.

आता खरी गंमत. १९६० च्या दशकात त्याने संपूर्ण काळी चित्रं रंगवली. समोर उभं राहिलं तर नुसता काळा रंग. पण जरा बाजूला सरका, उजेड तिरका पडू द्या, की जाड रंगाच्या उंचवट्यांतून चेहरा वर येतो. संध्याकाळी जंगलात नजर बसायला वेळ लागतो ना, तसंच काहीसं.

छापील कागदाशीही त्याचं असंच उलटं नातं. छापचित्र करणारा कोऱ्या कागदावर शाई चढवतो. हा गुळगुळीत मासिकांची पानं घ्यायचा, रसायनाने त्यांवरची शाई सैल करायचा, आणि त्या विरघळलेल्या शाईतूनच चित्र काढायचा. छपाई पुसत पुसत केलेलं चित्र म्हणा हवं तर.

१९६७ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. लंडनने मग त्याला जवळजवळ विसरूनच टाकलं, आणि आपणही काही फार आठवण ठेवली नाही. २८ मार्च २००२ रोजी तो वारला, तो मात्र मुंबईत.