बरे होणाऱ्याचा विमा

आयुर्विमा माणूस गेल्यावर पैसे देतो, मेडिक्लेम रुग्णालयाचे बिल भागवतो. या दोहोंच्या मध्ये एक जण राहून जातो. तो वाचलेला असतो, त्याचे बिलही भरले गेलेले असते, पण पुढचे वर्षभर त्याला कामावर जाता येत नाही. घराचा हप्ता आणि मुलांची फी काही थांबत नाही. विमा कंपन्यांचे लक्ष या माणसाकडे वळवले ते एका हृदयशल्यविशारदाने.

डॉ. मॅरियस बर्नार्ड हे त्यांचे नाव. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात जगातले पहिले मानवी हृदयरोपण झाले, तेव्हा ते थोरले भाऊ ख्रिस्तियान यांच्या पथकात होते. कीर्ती थोरल्याच्या वाट्याला आली. रोपण झालेले लुई वॉशकान्स्की १८ दिवस जगले. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसाच प्रयत्न केला, तो रुग्ण काही तासच जगला. रुग्ण किती दिवस काढतो, याकडेच तेव्हा सगळ्यांचे डोळे लागलेले होते.

मॅरियस यांना छळत होता तो पुढचा प्रश्न. आपल्या एका रुग्णाची हकीकत ते नेहमी सांगत. घटस्फोट झालेली, पदरात दोन मुले असलेली एक तरुण बाई. तिच्या फुफ्फुसाच्या कर्करोगावर त्यांनी शस्त्रक्रिया केली होती. पुढे ती पुन्हा दवाखान्यात आली ती पांढरीफटक पडलेली, दम लागत असलेली. तरीही ती रोज नोकरीवर जात होती, कारण घरात कमावते दुसरे कोणी नव्हते. डॉक्टर आयुष्य वाढवू शकतात, पण वाढलेल्या आयुष्याचा खर्च कुणी उचलायचा? बर्नार्ड हा प्रश्न घेऊन विमा कंपन्यांकडे गेले, आणि ऑगस्ट १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रुसेडर लाइफने तशी पहिली पॉलिसी बाजारात आणली. तिच्यात चारच गोष्टी होत्या: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग आणि बायपास. निदान झाले किंवा शस्त्रक्रिया झाली की ठरलेली रक्कम एकदम हातात. बिले दाखवायची नाहीत, पैसे कशावर खर्च केले हे कुणी विचारायचे नाही.

दशकाच्या मध्यापर्यंत ही कल्पना ब्रिटनमध्ये पोचली आणि गृहकर्जाच्या सोबतीने तिथे चांगलीच रुजली. मग स्पर्धा सुरू झाली ती आजारांच्या आकड्यांची. चाराचे दहा झाले, दहाचे तीस-चाळीस. दाव्यांचा मोठा वाटा मात्र अजून कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांचाच असतो. लांबलचक यादी ही मुख्यतः जाहिरातीची सोय आहे.

खरी ओढाताण झाली ती व्याख्यांवर. रक्तातल्या ट्रोपोनिनच्या चाचणीने पूर्वी निसटून जाणारे सौम्य झटकेही पकडता येऊ लागले. दक्षिण कोरियात तर सोनोग्राफी इतकी स्वस्त आणि सर्रास झाली की २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्याने होणारे मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले. गंभीर आजार गृहीत धरून हप्ता ठरवणाऱ्या कंपन्यांचे गणित अशा वेळी कोलमडते. कोरियातल्या कंपन्यांनी थायरॉइडसाठीची रक्कम कापली. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांच्या संघटनेने १९९९ मध्ये प्रमाण व्याख्या आणल्या.

भारतात एलआयसीने १९९० च्या दशकात ‘आशादीप’मधून असे संरक्षण दिले. २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या आणि प्रत्येकीची व्याख्या निराळी झाली. अखेर विमा नियामकाने २०१३ मध्ये ११ आजारांच्या व्याख्या सर्वांसाठी एकसारख्या केल्या, २०१६ मध्ये तो आकडा २२ वर नेला. त्यातली अटींची भाषा मुद्दाम कडक आहे. कर्करोग ‘ठराविक तीव्रतेचा’ हवा, जागच्या जागी असलेला अगदी सुरुवातीचा चालत नाही. पक्षाघाताची लक्षणे कायमची राहायला हवीत. बायपासच्या कलमात अँजिओप्लास्टी बसत नाही, ती यादीत वेगळी असावी लागते. शिवाय पॉलिसी घेतल्यावर साधारण ९० दिवसांची प्रतीक्षा, आणि अनेक पॉलिसींत निदानानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर ३० दिवस जगण्याची अट. वॉशकान्स्की या अटीत नापासच झाले असते!

आता वारे टप्प्याटप्प्याने पैसे देण्याच्या दिशेने आहे: आजार सुरुवातीचा असेल तर विमारकमेचा काही भाग, बळावलेला असेल तर पूर्ण. हे योग्यच आहे, कारण तपासण्या जसजशा तीक्ष्ण होतील तसतसे आजार लवकर सापडणार आणि सगळे किंवा काहीच नाही हा जुना हिशेब ग्राहकालाच जाचणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. त्यामुळे विक्री वाढेल, आणि विक्रीबरोबर चाळीस-पन्नास आजारांच्या जाहिरातीही. एजंटाला आजार किती हे विचारू नका. कर्करोगाची व्याख्या असलेले पान काढून मागा आणि सही करण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.