दानाची अट

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात दोन कपाटे शेजारी शेजारी उभी आहेत. दोन्हींतली पुस्तके दानात आलेली. एका दात्याने लिहून ठेवले होते, ‘गावातल्या कोणीही ही पुस्तके घरी न्यावीत.’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘ती शाळेच्या उंबऱ्याबाहेर जाऊ नयेत.’ दोघेही उदार, दोघांचाही हेतू निर्मळ. पण दोन्ही कपाटांची मिळून एक यादी करायला मी बसलो, आणि तीन रात्री डोके खाजवून उठलो. यादी झाली नाही.

ही फजिती मी एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितली. तो संशोधकांसाठी आकडेमोडीच्या आज्ञावली लिहितो. तो हसून म्हणाला, “गुरुजी, आमच्याकडेही हाच घोळ आहे.” गणितात मी मॅट्रिकच्या पलीकडे गेलेलो नाही; तरी त्याने सांगितलेली हकिकत मी मागाहून वाचून काढली.

कोणतीही गुंतागुंतीची लहर साध्या लहरींत उलगडता येते, हे फूरियेने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले. पण १०२४ बिंदूंची लहर सरळ रीतीने उलगडायची तर दहा लाखांवर गुणाकार. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी जी रीत प्रसिद्ध केली, तिने हे काम दहा हजारांच्या घरात आणले. अमेरिकेत पॉल स्वार्ट्‌झट्राउबर यांनी या रीतीच्या आज्ञावलींचा ‘एफएफटीपॅक’ नावाचा संच फॉर्ट्रान भाषेत लिहिला आणि तो सर्वांना खुला राहिला. पुढे १९९७ साली एमआयटीतील फ्रिगो आणि जॉन्सन यांनी ‘एफएफटीडब्ल्यू’ काढला. ज्या यंत्रावर चालायचे, त्यावर आधी चाचणी घेऊन तो सोयीची वाट निवडी; वेगात त्याने नाव मिळवले. तोही फुकट होता, परंतु जीपीएल परवान्याखाली. म्हणजे अट अशी, की हा संच मिसळून केलेली वस्तू दुसऱ्याला द्याल, तर तीही सगळी याच अटीवर, मूळ आज्ञावलीसह द्या. घेणाऱ्याने पुढच्याला अडवू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

२००१ साली ‘सायपाय’ हा शास्त्रीय आकडेमोडीचा ग्रंथसंग्रह आला तो बीएसडी परवान्याखाली. त्याचे म्हणणे सुटसुटीत : कर्त्याचे नाव आणि परवान्याचा मजकूर राखा, मग हवे ते करा, विकासुद्धा. बीएसडीचे पाणी जीपीएलच्या हौदात ओतता येते; उलट ओतले, तर सारा हौदच जीपीएलचा होतो. म्हणून तो वेगवान संच सायपायला आपल्या पोटात घेता येईना. शेवटी २०१९ साली नमपाय आणि सायपाय या दोघांनीही ‘पॉकेटएफएफटी’ घेतला. तो जर्मनीतल्या मार्टिन राइनेके यांनी त्या जुन्या एफएफटीपॅकवरूनच घडवलेला, आणि बीएसडी परवान्याचा. जुने, मोकळे दान असे नव्या घरी नांदू लागले.

बीएसडीच्या जुन्या मसुद्यातही एक खोड होतीच. वस्तूची जाहिरात करताना विद्यापीठाचा उल्लेख सक्तीचा होता. इतरांनी तो मसुदा उचलून आपापली नावे घातली. स्टॉलमन यांनी १९९७ च्या एका नेटबीएसडीत अशी ७५ वाक्ये मोजली! आणि जादा अट जीपीएलला चालत नाही. १९९९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्यापुरते ते कलम काढून टाकले आणि एक गाठ सुटली. ज्याने गाठ मारली, तो हयात होता आणि ऐकून घेणारा होता, हे केवढे भाग्य!

आमचे दोन्ही दाते आता नाहीत. त्यांना विचारायला जावे कुठे? मी दोन याद्या केल्या आणि दोन्हींवर दात्याची अट स्वच्छ अक्षरांत लिहिली. देणारा बहुधा घेणाऱ्याचा विचार करतो. आपले दान उद्या कोणाच्या दानाशेजारी ठेवले जाईल, हा विचार मात्र राहून जातो. गेल्या महिन्यात मी माझी स्वतःची पुस्तके शाळेला दिली. अर्ज लिहिताना अटीच्या रकान्याशी लेखणी बराच वेळ थांबली. मग मी तिथे एक आडवी रेघ ओढली.