कातडं जगवण्याची विद्या

तुम्ही पुण्याजवळ उभे आहात, साल 1793च्या सुमाराचं. समोर कावसजी उताणा पडलाय. इंग्रज फौजेत बैल हाकायचा; टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि नाक नि एक हात गमावून बसला. शेजारी बसलेला कारागीर वीटभट्टीवाल्यांच्या जातीतला. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून तो माप घेतो, पत्रा सपाट करून कपाळावर ठेवतो, भोवती रेघ ओढतो. रेघेवरून कातडं सोडवतो, पण दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र कापत नाही. तिथंच बघत राहा. त्या पट्टीतून रक्त येतंय, म्हणून पीळ देऊन खाली वळवलेलं कातडं जगणार. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या चिंध्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पट्टी कापायची. ऑक्टोबर 1794मध्ये ही हकिगत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट छापून येते.

आता बाल्टिमोर, 1894. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॉलस्टेड एका बाईचा स्तन, त्याखालचा छातीचा स्नायू आणि काखेतल्या गाठी एकदमच काढतायत. कर्करोग परत उलटू नये हा त्यांचा ध्यास, आणि तो खराच होता. पण शेजारचं कातडं फिरवून जखम भरायला त्यांचा विरोध. कपाळाचं कातडं नाकावर जगतं हे छापून आल्याला शंभर वर्षं झाली, तरी स्तन पुन्हा घडवायचा का, हे या बाईला कुणी विचारत नाही. नाक गेलं की अब्रू गेली म्हणतात, स्तन मात्र पदराआड झाकला की झालं. हा हिशेब मला आजही सहन होत नाही.

आणखी पुढे या, आजच्या ऑपरेशन थिएटरात. टेबलावरच्या बाईचा स्तन पुन्हा घडवायचाय, पण त्यासाठी तिच्या पोटावर पुरेशी चरबी नाही. म्हणून सर्जन मांडीच्या आतल्या-मागच्या बाजूचा, नितंबाच्या वळीखालचा कातडं-चरबीचा तुकडा निवडतात. रॉबर्ट अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी ही रीत 2012मध्ये प्रसिद्ध केली. स्नायूंमधून वर येणारी बारीक धमनी ते हळूहळू मोकळी करतात. स्नायू जागीच राहतो. मग धमनी आणि शीर दोन्ही कापतात. पुण्यात जे जपलं होतं, ते इथं मुद्दाम तोडलंय. तुकडा हातात फिकट पडतो. छातीत, बरगडीच्या कूर्चेमागे, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या वाट बघतायत. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याचे टाके पडतात. चिमटे सुटतात. क्षणभर काहीच होत नाही. मग कातड्याच्या कडेवर लाल रक्त उमटतं.

पहिले दोन-तीन दिवस धोक्याचे. शिरेत गुठळी झाली तर बाईला लगेच पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, म्हणून नर्स तासातासाला येऊन डॉप्लर यंत्रावर रक्तप्रवाहाचे ठोके ऐकते. बसलं की मांडीचे टाके ओढतात. बाई कूस बदलते आणि विचारते, “चालायला कधी लावणार?”