तिरूर ते पोदनूर : बंद दाराचे पाच तास

1921, ऑगस्ट ते नोव्हेंबर

20 ऑगस्टला तिरुरंगाडीत ठिणगी पडली आणि मलबारात मोपल्यांचे बंड पेटले. लष्करी कायदा लागू झाला, धरपकड सुरू झाली, तीन महिन्यांत मलबारचे तुरुंग तुडुंब भरले. आता कैदी प्रांतातल्या लांबच्या तुरुंगांत हलवायचे होते. उघड्या डब्यातले कैदी वाटेतल्या गावांना दिसतात, शिवाय पहाऱ्याला माणसे जास्त लागतात. म्हणून दक्षिण मलबारचे पोलीस सुपरिंटेंडेंट हिचकॉक यांच्या अमलात सामानाच्या बंद व्हॅन वापरायची पद्धत पडली. अशा तीसच्या वर खेपा निभावल्या. मला या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटते ते हेच. आजवर काही झाले नाही, एवढ्यावरच ती पद्धत सुरक्षित ठरली होती.

शनिवार, 19 नोव्हेंबर, संध्याकाळ : तिरूर

प्रिन्स ऑफ वेल्सच्या आगमनावरून मुंबईत दंगल उसळली आहे आणि ती थांबावी म्हणून गांधीजींनी आजच उपवास धरला आहे. देशाचे लक्ष तिकडे.

इकडे तिरूर स्टेशनात 1711 क्रमांकाची व्हॅन उभी आहे. ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची. हवेसाठी तिला झरोके आहेत, त्यांवर बारीक जाळी. ही जाळी रंगाच्या थरांनी आणि धुळीने बुजून गेली आहे. नुसता तळहात धरून पाहिला असता तरी कळले असते. रेल्वेच्या माणसाने व्हॅन दिली, पोलिसांनी ती घेतली. आत माणसे बसवायची आहेत, तर हवा कुठून येईल हे पाहणे दोघांपैकी कुणालाच आपले काम वाटले नाही.

आत शंभर कैदी कोंबले गेले. बहुतेक मोपला मुसलमान, काही हिंदूही. शेवटच्यांना बंदुकीच्या दस्त्यांनी रेटावे लागले, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. मग दार ओढले, बाहेरून कडी लागली.

सव्वासात

कालिकतहून मद्रासला जाणाऱ्या पॅसेंजरला जोडलेली व्हॅन निघाली. मुक्काम बेल्लारीचा तुरुंग. सार्जंट अँड्र्यूज, एक हेड कॉन्स्टेबल आणि मोजके शिपाई वेगळ्या डब्यात बसले.

पहिला तास

स्वस्थ बसलेला माणूससुद्धा तासाला पंधरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. शंभर माणसांचा हिशेब दीड-दोन हजार लिटरवर जातो. ही माणसे तर स्वस्थ नव्हती. दाटीत उभी होती, घाबरलेली होती, भिंती बडवत होती. हवा जड होत गेली, उकाडा चढत गेला. घशाला कोरड पडली तेव्हा लोकांनी अंगावरचा घाम चाटला. एका ठिकाणी खिळा निघून भोक पडले होते. त्याला नाक लावून काही जण आळीपाळीने श्वास घेत राहिले. जे वाचले त्यांतल्या काहींचा जीव त्या भोकाने राखला.

शोरनूर

गाडी थांबली. पाण्यासाठी आतून हाका येत होत्या. कडी काढायला किती वेळ लागतो? कैदी पळतील ही भीती मी समजू शकतो, पण फलाटावर बंदूकधारी पहारा उभा असताना दार वीतभर उघडता आले असते. उघडले नाही. कैदी ओरडतातच, हे पहाऱ्याच्या अंगवळणी पडलेले.

ओलवक्कोट

पालघाटचे हे स्टेशन. इथेही दार तसेच राहिले.

रात्री साडेबारा : पोदनूर

कोईमतूरजवळच्या या जंक्शनात व्हॅन उघडली. 56 जण मेलेले. उरलेले बेशुद्ध किंवा अर्धमेले, एकमेकांत असे गुंतलेले की जिवंत कोण ते वेगळे काढावे लागले. त्यांना कोईमतूरला नेले. काही वाटेत गेले, काही पुढच्या दिवसांत. एकूण मृत 70. बरीचशी प्रेते रेल्वेनेच तिरूरला परत आणली गेली आणि तिथल्या मशिदींच्या आवारात पुरली गेली.

त्यानंतर

सरकारने ए. आर. नॅप यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. सामानाच्या व्हॅनमधून माणसे नेणे समितीला मुळात अमानुष वाटले नाही. दोष बुजलेल्या जाळीचा ठरला. ती व्हॅन देणारे ट्रॅफिक इन्स्पेक्टर रीव्ह आणि हाकांकडे काणाडोळा करणारे अँड्र्यूज यांच्यावर खटला झाला. दोघेही सुटले. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 300 रुपये मंजूर झाले. ज्यांच्या अमलात ही पद्धत पडली त्या हिचकॉक यांच्यावर खटला भरलाच गेला नाही.