घरच्या सिम्युलेटरवर इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचा सराव कसा करायचा?
ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही. विमान सरळ चाललंय की वळतंय, हे शरीराला नीट कळत नाही. अशा वेळी फक्त उपकरणं बघून विमान चालवणं म्हणजे इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग. एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरवर याचा सराव घरी करता येतो.

सुरुवात सेसना १७२ ने करा. नजर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवरून वेग, उंची, दिशा यांच्याकडे न्या आणि दर वेळी परत तिथेच आणा. एकाच काट्यावर नजर खिळली की बाकीचे हातातून सुटतात.

मग आयएलएस अ‍ॅप्रोच घ्या. उतार साधारण ३ अंशांचा असतो. ९० नॉट वेगाला मिनिटाला सुमारे ४५० फूट खाली यायचं. कॅट-१ मध्ये २०० फुटांवर धावपट्टी दिसली नाही, तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं. म्हणून कधीकधी ढग मुद्दाम १०० फुटांवर ठेवा. पॉज दाबू नका.

एक लक्षात ठेवा: घरची खुर्ची हलत नाही. खऱ्या ढगात शरीर फसवतं, तेव्हा काट्यांवरच विश्वास ठेवायचा, हे इन्स्ट्रक्टरसोबत हवेतच शिकावं लागतं.