पिशवी काढली, तरी खडा कसा?



बचत गटाच्या एका बैठकीत एका ताईंनी प्रश्न विचारला होता. त्यांच्या सासूबाईंची पित्ताची पिशवी सहा वर्षांपूर्वी काढली. आता परत डोळे पिवळे झाले, हुडहुडी भरून ताप आला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, खडा आहे. ताई म्हणाल्या, "पिशवीच नाही, तर खडा आला कुठून? तेव्हा आम्हाला फसवलं का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागेल. पण आधी पोटातली रचना समजून घेऊ.

आपल्या मळ्यातल्या पाण्यासारखंच हे आहे. यकृत म्हणजे झरा. तिथे दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं. ते एका बारीक पाटाने आतड्यात उतरतं, त्या पाटाला पित्तनळी म्हणतात. पाटाच्या कडेला एक छोटा हौद आहे, तो म्हणजे पित्ताशय, आपली पित्ताची पिशवी. जेवणाच्या वेळेपर्यंत पित्त तिथे साठतं. खडे बहुतेक वेळा या हौदात होतात, आणि पुरुषांपेक्षा आपल्या बायकांना जास्त होतात. गरोदरपणात हे प्रमाण वाढतं.

पूर्वी या दुखण्यावर इलाज नव्हता. 1867 साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात जॉन बॉब्ज या डॉक्टरांनी एका तरुण स्त्रीचं पोट उघडलं. त्यांना आत वेगळीच गाठ असेल असं वाटलं होतं, निघाली खड्यांनी फुगलेली पिशवी. त्यांनी पिशवीला छेद देऊन खडे काढले आणि ती परत शिवून टाकली. बाई वाचली. पण पिशवी जागेवर राहिली की तिच्यात पुन्हा खडे धरू शकतात.

बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी वेगळा विचार केला. खडे ज्या पिशवीत होतात, ती पिशवीच काढली तर? घोड्याला पित्ताशय नसतंच, आणि पिशवी काढलेली कुत्री जगतात, हे त्याआधी माहीत झालं होतं. लांगेनबुख यांनी आधी मृतदेहांवर सराव केला. 15 जुलै 1882 रोजी त्यांनी सोळा वर्षं पोटदुखी सोसणाऱ्या एका पुरुषाची पिशवी काढली. तो माणूस बरा होऊन घरी गेला. आजही डॉक्टर पिशवी काढतात ती याच विचाराने.

पण हौद काढला तरी पाट राहतोच. पाट काढता येत नाही, कारण पित्ताला वाट हवीच. पिशवीतला एखादा बारीक खडा ऑपरेशनच्या आधीच नळीत घसरलेला असतो आणि तो मागे राहून जातो. काही जणांच्या नळीतच नवा खडा तयार होतो. नळी रुंद झाली, पित्त तुंबलं, त्यात जंतू शिरले, की गाळ बसतो आणि त्याचा मऊ, तपकिरी खडा होतो. ऑपरेशननंतर दोन वर्षांच्या आत सापडला तर डॉक्टर सहसा तो राहून गेलेला खडा मानतात, त्यानंतर सापडला तर नव्याने झालेला. म्हणजे सासूबाईंचा खडा बहुधा नव्याने झालेला. फसवणूक कोणी केलेली नाही.

नळीतला खडा काढणं हे पिशवी काढण्यापेक्षा अवघड काम. 1890 च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या लुडविग कुर्वाझिए यांनी नळी उघडून खडा काढला. पुढे जर्मनीच्या हान्स केर यांनी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रबरी नळी वापरात आणली. ऑपरेशननंतर ती पोटातून बाहेर काढून ठेवत, म्हणजे पित्त तुंबत नसे. पण परत खडा झाला तर परत पोट उघडायचं. एकदा उघडलेल्या पोटात आतडी एकमेकांना चिकटलेली असतात. त्यातून वाट काढायची, तीही साठी-सत्तरीच्या माणसाच्या. त्यात कित्येक जण दगावत.

वाट मिळाली ती तोंडातून. 1957 साली अमेरिकेत बेसिल हिर्शोवित्झ यांनी काचेच्या बारीक तंतूंची, वाकणारी दुर्बीण आधी स्वतःच्या घशातून खाली घातली. 1968 मध्ये विल्यम मॅककून यांनी अशाच दुर्बिणीतून पित्तनळीच्या तोंडात बारीक नळी सरकवली आणि रंग सोडून एक्स-रेवर नळी पाहिली. खडा दिसला, पण काढायचा कसा? नळीचं तोंड अरुंद, शिवाय स्नायूने आवळलेलं. 1973 मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग यांनी, आणि त्याच सुमारास जपानमध्ये कावाई यांनी, दुर्बिणीतूनच विजेवर तापणारी तार नेली आणि ते तोंड थोडंसं कापून मोकळं केलं. खडा आतड्यात ओढून घेतला की शौचावाटे निघून जातो. पोटावर एकही टाका नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा इलाज सुरुवातीला वापरला गेला तो मुख्यतः पिशवी आधीच काढलेल्या, पुन्हा ऑपरेशन न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. म्हणजे त्या सासूबाईंसारख्यांसाठीच.

आपल्याकडे 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी पोटाला छोटी भोकं पाडून, दुर्बिणीतून पिशवी काढण्याचं ऑपरेशन केलं. पुढे ते गावोगावी 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणून माहीत झालं. तोंडातून खडा काढण्याच्या इलाजाला डॉक्टर ईआरसीपी म्हणतात. दोन्हींत दुर्बीण आहे, पण दोन्ही वेगळे. डॉक्टरांना विचारून घ्या, कोणतं करणार? आता मोठा खडा असला तर तो आतल्या आत फोडूनही काढतात.

हा इलाजही अगदी निर्धोक नाही. शंभरात तीन ते दहा जणांना नंतर स्वादुपिंडाला सूज येते, पोटात जोराने दुखतं. कधी नळीत प्लास्टिकची छोटी नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती साधारण तीन महिन्यांनी काढायची किंवा बदलायची असते. बरं वाटलं म्हणून आपण जात नाही, आणि तीच तुंबून जंतू धरते. घरी आल्यावर पहिलं काम, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. काही जणांना खडा परत होतो, तेव्हा तो परत तोंडातूनच काढता येतो.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. उजव्या बरगडीखाली दुखणं, हुडहुडी भरून ताप आणि कावीळ, या तीन खुणा पॅरिसच्या शार्को यांनी 1877 मध्ये एकत्र नोंदवल्या. तिन्ही दिसल्या तर पित्त तुंबून त्यात जंतू झाले असं समजा. लघवी गडद होते, शौच पांढुरकी होते, अंगाला खाज सुटते. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की आधी काविळीची माळ घालतात, काढा देतात. काही काविळी आपोआपही उतरतात, म्हणून माळेवर विश्वास बसतो. पण नळीत अडकलेला खडा माळेने हलत नाही आणि काढ्याने विरघळत नाही. त्या चार दिवसांत जंतू रक्तात भिनतात आणि माणूस हातचं जातं.

म्हणून पिशवी काढलेल्या बाईला ताप आणि कावीळ आली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. जुने कागद बरोबर घ्या आणि "पिशवी काढलेली आहे" हे आधी सांगा. सोनोग्राफीत नळीच्या खालच्या टोकाचा खडा कधी कधी दिसत नाही, तेव्हा आणखी तपासणी सांगितली तर घाबरू नका. खर्च योजनेत बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

तुमच्या गटात कोणाकोणाची पिशवी काढली आहे, ते पुढच्या बैठकीत विचारा. त्यांना या तीन खुणा पाठ करून द्या.