पेटीची किल्ली : हदगावचा नगरकारभार आणि कर

हदगावाहून नागपूरच्या रस्त्याने निघाले, की पैनगंगा ओलांडून आपण उमरखेडला, म्हणजे वऱ्हाडात येतो. आज हा दोन जिल्ह्यांमधला साधा प्रवास आहे. १९४८ पूर्वी मात्र ही नदी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे निजामाची रियासत होती आणि पलीकडे १८५३ पासून इंग्रजी अमलाखाली गेलेला वऱ्हाड. भाषा दोन्ही काठांवर मराठीच. पण गावाचा कारभार कोणी करायचा आणि त्यासाठी पैसा कोणाकडून घ्यायचा, या प्रश्नांची उत्तरे दोन काठांवर निराळी होती. हदगावसारख्या तालुक्याच्या गावाचा नागरी इतिहास समजून घ्यायचा, तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

जुन्या कसब्यांना करांची ओळख नव्हती असे नाही. जमिनीचा सारा होताच. त्याशिवाय कारागीर आणि व्यापारी यांच्यावर मोहतर्फा, बाजारात येणाऱ्या मालावर जकात, वाटेवर राहदारी. पेठेची व्यवस्था शेटे-महाजन पाहत आणि वसुली पाटील-कुलकर्णी, देशमुख-देशपांडे यांच्या हातून होई. पण हा पैसा ‘गावाचा’ नव्हता. त्यातून रस्ता झाडावा, दिवा लावावा, असा करार कर देणारा आणि घेणारा यांच्यात नव्हता. नगरपालिका नावाची कल्पना नेमकी या करारावर उभी असते.

इंग्रजी मुलखात हा करार हळूहळू आकाराला आला. १८५० च्या कायद्याने रहिवाशांच्या इच्छेनुसार नगरपालिका काढण्याची सोय झाली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. मुंबई इलाख्यात १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा झाला, मध्यप्रांत-वऱ्हाडात १९२२ चा. मताचा अधिकार मूठभर करदात्यांनाच होता आणि कलेक्टरचा वचकही मोठा होता. तरी ‘आम्ही कर देतो, आम्हाला हिशेब द्या’ असे म्हणायची सवय त्या गावांना लागली.

निजामाच्या राज्यात सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. अव्वल तालुकदार, तहसीलदार अशी उतरंड बसली आणि महसुलाला शिस्त आली. पुढे शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा असा लोकल फंडाचा उपकर बसला. त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने यांची कामे होत. पण जिल्ह्याच्या मंडळावर अव्वल तालुकदार आणि तालुक्याच्या मंडळावर तहसीलदार पदसिद्ध बसलेला असे. म्हणजे कर बसवणारा, तो वसूल करणारा आणि खर्च करणारा एकच. आणा रयतेचा, निर्णय सरकारचा.

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात कर हा लढ्याचा विषय झाला, यात आश्चर्य नाही. सरहद्दीवरचे करोडगिरीचे नाके हे राज्याचे सर्वांत जवळून दिसणारे रूप होते. शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीचे धान्य न देणे आणि करोडगिरी मोडणे हे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे मार्ग होते. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांना त्याची झळ आणि धग दोन्ही लागली.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर ज्या वेगाने कायदे झाले, तो पाहण्याजोगा आहे. १९५१ मध्ये नगरपालिका व नगर समित्यांचा कायदा झाला आणि १९५६ मध्ये हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायदा. इतरत्र पाऊण शतकात झालेले काम इथे आठ वर्षांत उरकले. मताधिकार मिळाला तो थेट प्रौढ मताधिकार. त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तेव्हा एका राज्यात नगरपालिकांचे वेगवेगळे कायदे नांदत होते : मुंबईचे, मध्यप्रांत-वऱ्हाडचा आणि हैदराबादचा.

हा गोंधळ १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याने संपवला. १९६७ पासून तो अमलात आला आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांना प्रथमच एक नागरी कायदा मिळाला. लोकसंख्येनुसार अ, ब, क असे वर्ग पडले. हदगावची नगरपरिषद ‘क’ वर्गातली. कायद्याने काही कर सक्तीचे केले : एकत्रित मालमत्ता कर, जकात, व्यवसाय कर, नाट्यगृहे व चित्रपटगृहे यांवरील कर, जाहिरात कर. वाहने, कुत्री, यात्रेकरू यांच्यावरचे कर ऐच्छिक ठेवले. दर मात्र शासनाने आखलेल्या किमान-कमाल मर्यादेतच. ठराव निलंबित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे आणि मुख्याधिकारी शासनाचा.

तरीही गावाकडे स्वतःची मिळकत होती आणि तिचा कणा होता जकात. नाक्यावर कापसाच्या, किराण्याच्या गाडीमागे रोज पैसा जमा होई. जकातीत भ्रष्टाचार होता, गाड्यांचा खोळंबा होता, व्यापाऱ्यांचा राग होता. तो सगळा रास्तच. पण बाजार वाढला की नगरपरिषदेचे उत्पन्न वाढे, हे नातेही त्यात होते.

ते एकेक करून सुटत गेले. १९७५ मध्ये व्यवसाय कर राज्याने स्वतःकडे घेतला. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी सहायक अनुदान आले. त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या पगारावर जातो. याच जिल्ह्यात १९९७ मध्ये महापालिका झालेल्या नांदेडला पुढेही काही वर्षे जकात आणि नंतर स्थानिक संस्था कर घेता आला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा महापालिकांच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा झाला. जकात आधीच गमावलेल्या नगरपरिषदा मात्र जुन्या अनुदानावरच राहिल्या.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर लोकशाही याच काळात रुंदावली. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदेला घटनेत स्थान मिळाले. १९९४ मध्ये राज्याने त्यानुसार कायदा बदलला. दर पाच वर्षांनी निवडणूक, राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आणि स्त्रियांना आधी एक तृतीयांश, २०११ पासून निम्म्या जागा. निजामाच्या मंडळात ज्यांना दारातही उभे केले नसते, ती माणसे सभागृहात बसली. हे यश लहान नाही. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, याचे नियम मात्र २००१, २०१६, २०२० आणि २०२२ मध्ये बदलले, तेही प्रत्येक वेळी मुंबईत बसून.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. खुर्चीवर कोण बसणार, हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे आला. पेटीची किल्ली मात्र वर गेली. आज हदगावच्या हातात खरा असा एकच मोठा कर उरला आहे, मालमत्ता कर. त्याच्या बिलातून राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी करही वसूल होतो. त्यामुळे सगळे बिल नगरपरिषदेचेच आहे, असे घरमालकाला वाटते. आकारणी वाढवली तर मते जातात, म्हणून ती टळते. ती टळली की गटारे तुंबतात. मग निधीसाठी आमदाराकडे आणि मंत्रालयाकडे चकरा सुरू होतात. निधी आणणारा कर्तबगार ठरतो, कर वसूल करणारा नकोसा. एक आणा देणारी रयत आणि अनुदानाची वाट पाहणारे नागरिक यांच्यात फरक जरूर आहे, पण तो आपण समजतो तेवढा मोठा नाही.

राज्याने नगरपरिषदांना वस्तू व सेवा करातला निश्चित, कायद्याने बांधलेला वाटा द्यावा, ही मागणी म्हणूनच नुसती पैशाची नाही. तिच्यासोबत गावानेही आपल्या घरपट्टीची आकारणी खरी होऊ द्यायला हवी आणि तिचा हिशेब सभेत मागायला हवा. १९४८ ला राज्य बदलले आणि मत मिळाले. कर देणारा आणि घेणारा यांच्यातला तो करार मात्र पैनगंगेच्या अलीकडे अजून पुरता लिहून झालेला नाही.